धुराचा बेलभंडार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर नद्यांची खोरी काढत होते. तास चालू असताना मी फोन घेत नाही, हे वहिनीला पक्कं ठाऊक आहे. तरीही तो लागोपाठ वाजत राहिला, म्हणून खडू ठेवून बाहेर आले.

"ताई, तुमी आजच या," ती म्हणाली. "उद्या सकाळी तुमच्या दादाला देवळात बेलभंडार उचलायला लावायलेत."

"कशासाठी?"

"पावसासाठी. आबाचं रान वाहून गेलं नं, ते आपल्या भट्टीच्या धुरानं गेलं म्हणायलेत."

मला आधी हसूच आलं. आमच्या गावाची डोकी कुठून कुठे पळतील याचा नेम नाही. पण वहिनीचं अजून संपलं नव्हतं.

"अन् हे म्हणायलेत, मी उचलणार न्हाई."

तेव्हा मात्र माझं हसू जिरलं.

बेलभंडार म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे एखाद्यावर आळ आला आणि साक्षीपुरावा काहीच नसला, तर गाव त्याला खंडोबाच्या देवळात उभं करतं. त्याने हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि म्हणायचं, हे मी केलेलं नाही, केलं असेल तर देव बघून घेईल. एवढं बोललं की विषय मिटला. त्यानंतर त्या गोष्टीवरून कुणी टोमणा मारला तर गाव टोमणा मारणाऱ्यालाच नावं ठेवतं. कोंबडी चोरण्यापासून बांध कोरण्यापर्यंत कितीतरी भांडणं अशी मिटलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. उचलणारे सगळेच काही हरिश्चंद्र नसावेत, पण भांडण मिटायचं हे खरं. जो उचलत नाही त्याने मात्र कबूल केलं, असंच धरतात.

आणि दादाने कबूल केलं तर काय होणार, तेही वहिनीने सांगून टाकलं. भट्टीकडे जायची वाट आबांच्या रानातून जाते. आबा आमचे बांधाशेजारी, वडिलांच्या वयाचे. त्या वाटेवर ते बाभळीच्या काट्या टाकणार होते. विटांचा ट्रॅक्टर दुसरीकडून काढायचा तर तिकडे ओढा आहे. म्हणजे भट्टी बंद. दादाकडे शेत आहे ते नावाला. घर भट्टीवर चालतं. थोडक्यात, दादाने उद्या सकाळी देवासमोर चार शब्द बोलायचे होते, आणि तेवढे चार शब्द बोलायला हा माणूस तयार नव्हता.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि परभणीहून स्कूटी काढली. जिंतूर रस्त्याला दोन्ही अंगांनी सोयाबीन काळं पडून उभं होतं. शेंगांतच कोंब फुटलेले. कुजका वास हेल्मेटच्या काचेआडही येत होता. बोरीला चहाला थांबले तर तिथेही माणसं पावसाचा गुन्हेगारच शोधत होती. एकजण म्हणत होता, विमानाने ढगात मीठ टाकलं. दुसरा मोबाइलच्या टॉवरला दोष देत होता. मला राग लवकर येतो, आणि चहा गरम असेल तर आणखी लवकर. पण परक्या गावात तोंड उघडलं नाही. आपल्या गावात उघडायचं होतंच.

आमच्या भट्टीवर आळ यायची ही पहिली वेळ नव्हती. मागे एकदा श्रावण कोरडा गेला तेव्हा भट्टीच्या धुराने ढग फाकतात अशी आवई उठली होती. यंदा आभाळ फाटलं तर तेही भट्टीनेच फाडलं. पडला नाही तरी भट्टी, पडला तरी भट्टी! बरं, पावसाळ्यात भट्टी पेटलेली नसते. दिवाळीनंतर विटा थापायला सुरुवात होते आणि मृगाच्या आत सगळं आवरतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मग हा आळ टिकला कसा? त्याला कारण आमचेच बंधुराज.

दिवाळीत मी माहेरी गेले की दादा मला काहीबाही विचारत बसतो. त्याची शाळा सातवीत सुटली, पण विचारायची सवय सुटली नाही. गेल्या वेळी उन्हाळा इतका का तापतो, असं त्याने विचारलं होतं. मी भूगोलाची बाई. मला तेवढंच हवं असतं. कोळसा, तेल जाळलं की जो वायू वर जातो तो हवेत शेकडो वर्षं टिकतो, उष्णता धरून ठेवतो, हवा तापली की जास्त वाफ साठवते आणि मग ती एकदम कोसळते, असं सगळं मी त्याला अंगणातल्या मातीत काडीने काढून दाखवलं. त्याने ते मोठ्या अभिमानाने हॉटेलात चहा पिता पिता सांगितलं. 'आमची बाई म्हणली, वर गेलेला धूर शेकडो वर्षं खाली उतरत न्हाई.' त्यामुळे आता भट्टी पावसाळ्यात बंद असते हा मुद्दा चालेना. पेटलेली नसली म्हणून काय झालं, धूर तर वरच आहे ना! गावाने धडा अगदी बरोबर पाठ केला होता.

मी पोचले तेव्हा दादा अंगणात विटांचे साचे पुसत बसला होता. थापणारी माणसं यायला अजून अवकाश होता, पण हाताला काम लागतं त्याला. भट्टीवर गाळाचा मोठा ढीग तयार होता. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा त्याने रोज पहाटे जाऊन तो आणलेला. यंदाच्या सगळ्या विटा त्यातूनच निघायच्या होत्या.

"आलीस?" तो म्हणाला. "बरं झालं. तुलाच विचारायचं व्हतं."

"आधी मी विचारते. उद्या उचलणार आहेस ना?"

"बस तर खरं."

मी बसले. त्याने साचा बाजूला ठेवला.

"मला एकच सांग, बाई. माझा धूर वर हाय का न्हाई?"

"आहे."

"अन् त्यानंच हवा तापती. तापली की पाणी धरती. धरलेलं मग एकदम वतती. असंच सांगितलं व्हतंस नं तू?"

"असंच. पण दादा, किती ते बघ की! तुझी भट्टी केवढी? वर जे साठलंय त्यात तुझा धूर शोधायला गेलं तर सापडायचासुद्धा नाही. ज्यांनी खाणीच्या खाणी उपसून कोळसा विकला, समुद्राच्या तळातून तेल काढून विकलं, ज्यांच्या देशांत आपल्या आज्यापणज्याच्या आधीपासून चिमण्या धडधडतायत, त्यांचा आहे तो धूर. आता तर असं शास्त्र निघालंय की अमुक पाऊस तापलेल्या हवेने किती वाढवला आणि ती हवा तापवण्यात कुणाचा किती हात, हे मांडून दाखवतात. लोक कोर्टात जायला लागलेत त्यावर. त्या मांडणीत तुझं नाव कुठेही नाही."

"नाव न्हाई म्हंजे धूर न्हाई, असं थोडंच हाय?"

"अरे, पण तो नसल्यात जमा आहे."

"नसल्यात जमा येगळं अन् नसणं येगळं." तो शांतपणे म्हणाला. "कोरा शून्य हाय का? शून्य म्हण, मी उद्या उचलतो."

शून्य म्हणायला काय जात होतं माझं? पण तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की जीभच वळेना. आत वहिनी भाकरी थापत होती आणि काठवटीच्या आवाजावरून तिचं मत मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"शून्य नाही," मी म्हणाले. "पण तुला कुठे शून्य म्हणायचंय? तुला एवढंच म्हणायचंय की आबांचं रान मी नेलं नाही. ते खरंच आहे!"

"थोडंसं नेलं असंल तर?"

मग मात्र माझा ताबा सुटला. मी म्हणाले, तुझ्यासारखी माणसं न मागता मान पुढे करतात म्हणूनच बाकीचे उजळ माथ्याने फिरतात. ज्यांना कोर्टात खेचायला लोकांना घाम फुटतो, ते वकिलांच्या फौजा उभ्या करून सांगतात की आमचा काही संबंध नाही, आणि तू खंडोबासमोर जाऊन सांगणार की माझा आहे. उद्या सगळं गाव म्हणेल, सापडला चोर. खरा चोर राहील बाजूला. ही काय खरेपणाची हौस आहे? घरात दोन पोरी आहेत, त्यांना काय सांगशील? असं मी पुष्कळ बोलले. शेजारच्या भिंतीवरून एक डोकंही वर आलं आणि मी बघितल्यावर खाली गेलं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. हा माणूस असाच आहे. एकदा कुणाच्या तरी घराला विटा पोचवल्यावर मधल्या थरातल्या विटा कच्च्या निघाल्या, तर कुणी तक्रार करायच्या आत याने अख्खा ट्रॅक्टर परत आणला होता. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. त्या संध्याकाळी मात्र अंगावर काटा आला, कारण मला कळून चुकलं की हा उद्या उचलणार नाही.

"त्यांचं त्यांच्यापाशी," तो शेवटी म्हणाला. "मला माझं इचारलंय. खोटं कसं उचलू?"

अजून उजेड होता. मी तशीच उठले आणि आबांकडे निघाले. आबांनी आळ मागे घेतला तर देवळात जायची वेळच येणार नव्हती. भावाला वळवता येईना, तर निदान म्हाताऱ्याला तरी वळवावं, असा माझा बेत.

आबा घरी नव्हते, रानात होते. मला त्या रानाची सवय होती. लहानपणी आम्ही तिथे हुरडा खाल्ला होता. बांधावर चढले आणि पाय थबकले. मी पुराबद्दल पेपरात वाचलं होतं, वर्गात मुलांना बोलले होते, जमीन खरवडून जाते असं फळ्यावर लिहिलंही होतं. पण खरवडून जाते म्हणजे काय ते मला तेव्हा दिसलं. काळी माती हातभर खोल होती त्या रानात. ती नव्हतीच. खाली पिवळट मुरूम उघडा पडला होता आणि त्यात जागोजागी गोटे वर आले होते. आबा मधोमध उभे होते. ते काहीच करत नव्हते. मुरमात करणार तरी काय?

"ये पोरी," ते म्हणाले. "भावाची बाजू घ्यायला आलीस नं?"

मी तयारीने आणलेले मुद्दे आता मलाच थिटे वाटत होते. तरी बोलले. आबा, भट्टी केवढीशी, आभाळ केवढं, तुम्ही तरी विचार करा.

"मला काय कळत न्हाई व्हय?" आबा म्हणाले. "एका भट्टीनं आभाळ फाटत न्हाई, एवढं कळतंय मला. पण मी धरू कुणाला, सांग तू. माझ्या बापानं बैलगाडीनं माती वाहून हे रान केलं. एका दिसात गेलं. कुणीच केलं न्हाई म्हणतेत. देवानं केलं म्हणतेत. देवानं माझंच कामून केलं?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते इतकं लांबचं होतं की त्या मुरमात उभं राहून सांगायची लाज वाटली.

"ज्याचं त्वांड दिसतंय त्यालाच माणूस धरतंय," ते पुढे म्हणाले. "तुझ्या भावाचं माझं वाकडं न्हाई. पण रोज सकाळी त्याची चिमणी दिसती अन् मनात येतं, यानंच तर न्हाई? मन लय वंगाळ असतं. उद्या त्यानं उचललं की माझं मन साफ. तो बी मोकळा, मी बी मोकळा. मला दुसरं काई नको."

मला तेव्हा उलगडलं की गाव दादाला अडकवायला निघालं नव्हतं, सोडवायला निघालं होतं. त्याने उचलावं म्हणूनच हा घाट होता. आबा त्या शपथेची वाट बघत होते, आजारी माणूस डॉक्टरच्या 'काही नाही' या शब्दांची बघतो तशी. आणि ते शब्द उद्या येणार नव्हते, हे फक्त मला माहीत होतं. आबांना ते सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी 'बरं' म्हणून परत फिरले.

सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ग्रामसभेला चार टाळकी जमत नाहीत, पण कुणाची फजिती व्हायची असली की सगळ्यांना सवड असते. पुजाऱ्याने ताटात बेल आणि भंडारा ठेवला होता. सरपंच एका खांबाला टेकून उभे. बायका एका अंगाला, त्यांत मी आणि वहिनी. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. रात्री तिने दादाला काय काय सांगितलं असेल कोण जाणे. तिचे डोळे सुजले होते.

सरपंचांनी आबांना बोलायला सांगितलं. आबा उभे राहिले आणि दोनच वाक्यं बोलले. रान गेलं. लोक म्हणतेत भट्टीच्या धुरानं, तर यानं देवापुढं सांगावं.

दादा पुढे झाला. पायातली चप्पल त्याने बाहेरच काढली होती, तरी पुन्हा पाय झटकले. पुजाऱ्याने त्याच्या ओंजळीत बेलाचं पान ठेवलं, वर भंडाऱ्याची चिमूट टाकली. म्हणजे हातात घेतलं तरी! मला वाटलं, वहिनीने जिंकलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, पटकन बोलून टाक आणि घरी चल. एवढा मोठा गुन्हा नाही रे तो.

पुजारी म्हणाला, "म्हण, हे मी केलेलं न्हाई."

दादा बोलेना. पुजाऱ्याने पुन्हा सांगितलं. मग दादाने घसा खाकरला.

"देवा, ह्या पावसात माझा धूर न्हाई, असं मला म्हणता येत न्हाई," तो म्हणाला. "हाय. लय थोडा हाय, पण हाय. जेवढा माझा हाय तेवढा मी कबूल करतो. बाकीच्याचं मला मालूम न्हाई."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "कबूल केलं! कबूल केलं!" आणि एकच गलका झाला. सरपंच हात वर करून गप्प बसा म्हणत होते, त्यांचंच कुणी ऐकेना. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना हे नकोच होतं. हातातोंडाशी आलेली सुटका दादाने हिसकून घेतली होती.

मला राहवलं नाही. बायकांतून पुढे गेले आणि देवळाच्या मधोमध उभी राहून वर्गातल्या आवाजात बोलायला लागले. म्हणाले, लाज वाटू द्या जरा. या गावात धूर काय एकट्या याचाच आहे, म्हणून याला उभा केलाय? डिझेलवर मोटार कुणाची चालते? कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर कोण पेटवून देतं? आणि तुमचं-आमचं सगळ्यांचं मिळूनही ते चिमूटभरच आहे. ज्यांचं डोंगराएवढं आहे त्यांना कधी बोलावणार? मग मी नावंच घ्यायला लागले. देशांची, कंपन्यांची, तेल विकणाऱ्यांची, कोळसा विकणाऱ्यांची. मला सगळी पाठ आहेत. देवळात ती नावं फार विचित्र वाटत होती. पण मी थांबले नाही.

आश्चर्य म्हणजे लोक ऐकत होते. मी दम खायला थांबले तेव्हा सरपंच म्हणाले, "म्याडम, खरं हाय तुमचं. पण ह्यांना बोलवायचं कसं? ह्यांचं गाव कोणतं? कुठल्या देवापुढं उचलतेत ही माणसं?"

दोघंतिघं हसले. सरपंच मात्र चेष्टा करत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी म्हणाले, कोर्टं आहेत, परिषदा होतात, भांडणं चालू आहेत.

"मग चालू द्या," सरपंच म्हणाले. "तवर आबानं काय करावं?"

तेवढ्यात दादा बोलला. ओंजळ तशीच होती, भंडाऱ्याने पिवळी झालेली.

"भट्टीवरला गाळ आबाच्या रानात टाकतो," तो म्हणाला. "सगळा. माझ्याच ट्रॅक्टरनं. औंदा विटा थापत न्हाई."

माझ्या मनगटावर मघाशी जो हात होता, त्या हाताची मालकीण मागे धपकन खाली बसली. कुणीतरी तिला पाणी दिलं. मी दादावर एवढी संतापले होते की त्याच्याकडे बघवत नव्हतं. वाट अडवली तर भट्टी बंद पडणार, या भीतीने मी धावत आले होते, आणि वाटेवर काट्या पडायच्या आतच याने स्वतः भट्टी बंद केली होती. तरी खरं सांगायचं तर त्या संतापातच मला रडू येत होतं, आणि ते नुसत्या दुःखाचं नव्हतं. मला त्याचा अभिमानही वाटत होता, आणि अभिमान वाटतोय म्हणून स्वतःचा राग येत होता.

सरपंचांनी आबांना विचारलं, "मंजूर हाय?"

आबांनी जमिनीकडे बघत नुसती मान हलवली. देवळातली गर्दी पांगली. जाताना कुणी दादाशी बोललं नाही, पण त्याला नावंही कुणी ठेवली नाहीत.

वहिनी माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. शिकवलंत ना भावाला, एवढंच एकदा म्हणाली. दादाने थापणाऱ्या माणसांना येऊ नका म्हणून कळवलं आणि स्वतः दुसऱ्याच्या भट्टीवर मुकादम म्हणून जायचं ठरवलं. त्याआधी रोज ट्रॅक्टर गाळ वाहत होता. वहिनी फोनवर बोलत नव्हती, पण भाचीकडून मला खबर मिळत होती. आज ढीग अर्धा झाला, आज थोडाच उरला.

शेवटची खेप पडली त्या रविवारी मी गेले. आबांच्या रानात बांधापासून लिंबाच्या झाडापर्यंत काळाभोर पट्टा झाला होता. आबा आणि दादा दोघं फावड्याने तो सारखा करत होते. हरभरा पेरायचा होता त्यात. पट्टा म्हटलं खरं, पण एवढ्या मोठ्या रानात तो कोपराच होता. लिंबाच्या पलीकडे मुरूम होता तसाच होता, ओढ्यापर्यंत.

आबांनी फावडं टेकवलं आणि काळं संपत होतं त्या जागी येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघून त्यांनी हाताने खूण केली, ये म्हणून.

"ही तुझ्या भावाची," ते पायाखालच्या मातीकडे बोट दाखवत म्हणाले. "त्याचा वाटा त्यानं टाकला. माझं मन आता साफ हाय त्याच्याबद्दल." मग त्यांनी पुढच्या मुरमाकडे हात केला. "हितून पुढली तू नावं घेतलीस त्यांची. ते कवा यायलेत?"

मला वाटलं, टोमणा आहे. पण आबांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूसही नव्हता. दादाही फावडं थांबवून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"आबा, ते येणार नाहीत," मी म्हणाले. "त्यांना धरून आणावं लागेल."

"कामून?" आबांना खरंच समजत नव्हतं. "ह्याला कुणी धरून आणलं व्हतं?"